धनुष्याला वळण लावताना: लाकडी लाँगबोचं टिलरिंग, पायरी पायरीने

‘मोडेन पण वाकणार नाही’ हा बाणा माणसाला शोभतो, धनुष्याच्या लाकडाला नाही. तासून आकाराला आणलेली काठी मात्र पहिल्या दिवशी नेमकी त्याच बाण्याची असते. थोडी लवते, अडून बसते, आणि आपण हट्टाला पेटलो तर मोडते. दोन्ही भुजा, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग, सारख्या, सलग आणि हव्या तेवढ्या जोरालाच वाकतील इथपर्यंत तिला आणायच्या कामाला टिलरिंग म्हणतात. मी मनात त्याला ‘वळण लावणं’ म्हणतो. मुलांना लावतात तसंच. धाकापेक्षा सवयीने जास्त जमतं, आणि एकदा बिघडलं की निस्तरताना नाकी नऊ येतात.

नियम एकच आहे. जिथे वाकत नाही तिथलं लाकूड काढायचं, जिथे जास्त वाकतंय तिथे हात लावायचा नाही. काढलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही, त्यामुळे कमजोर झालेली जागा कधी दुरुस्त होत नसते. तिच्या आजूबाजूचं सगळं तिच्या पातळीला खाली आणावं लागतं, आणि त्याची भरपाई धनुष्याच्या जोरातून करावी लागते.

उदाहरणासाठी एक धनुष्य ठरवून घेऊ: लांबी ७२ इंच, ताठ मूठ, चपट्या भुजा, २८ इंच खेचल्यावर ४० पौंड ताण. पहिल्या धनुष्याला मी याहून आखूड लांबी सुचवणार नाही. लांब भुजेला तेवढ्याच खेचीसाठी कमी वाकावं लागतं, म्हणून ती आपल्या चुका पोटात घालते. मूठ ४ इंच, तिच्या दोन्ही बाजूंना २-२ इंचांचा उतार, म्हणजे मुठीची जाडी कमी होत भुजेला मिळते तो भाग, आणि तिथून पुढे भुजा. उताराजवळ रुंदी साधारण ४० मिमी, अर्ध्या भुजेपर्यंत तीच, मग निमुळती होत टोकाला सध्या २० मिमी. टोकं शेवटी १२ मिमीपर्यंत बारीक करायची आहेत, पण एवढ्यात नाही. का ते पुढे येईल. जाडी उताराशी १६ मिमी आणि टोकाकडे १२ मिमी ठेवून सुरुवात करा.

दोन शब्द सतत लागतील. पाठ म्हणजे धनुष्याची लक्ष्याकडची बाजू, पोट म्हणजे आपल्याकडची. खेचताना पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. टिलरिंगमधलं सगळं तासकाम पोटावर होतं. पाठीला हत्यार लावायचं नाही.

आधी लाकूड तपासा

वळण लावण्याआधीच बिघडलेलं लाकूड पुढे कितीही मेहनत केली तरी सुधारत नाही. ओंडका फाडून घेतलेला असेल तर पाठीवर एकच वाढवलय टोकापासून टोकापर्यंत अखंड हवं. फळीतून कापलेलं असेल तर पाठीवरचे रेषे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ धावायला हवेत. मध्येच कडेने बाहेर पडणारा रेषा म्हणजे तिथून चिरफळी उचलायला दिलेलं आमंत्रण. हिकरी, अ‍ॅश, एल्म, ओक, मेपल यांपैकी सरळ रेषांचं काहीही चालतं. यू आणि ऑसेज ऑरेंज उत्तम, पण शिकताना ती वाया घालवू नयेत. यूच्या भुशापासून जपा, ती विषारी असते. मास्क तर कोणत्याही लाकडाला लावाच.

ओलावा ८ ते १० टक्के असावा. ओलं लाकूड मोडत नाही पण दबतं, आणि दोरी उतरवल्यावरही वाकलेलंच राहतं. फार सुकलेलं लाकूड उलट तडकतं. ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर काठी दर आठवड्याला वजनकाट्यावर ठेवा. वजन उतरायचं थांबलं की ती भोवतालच्या हवेशी जुळली.

पाठीच्या दोन्ही कडा ३ मिमी त्रिज्येने गोल करा आणि बारीक पॉलिश पेपर लांबीच्या दिशेने फिरवा. हे वाकवायला सुरुवात करण्याआधीच करायचं. धनुष्य मोडायची सुरुवात पुष्कळदा टोकदार कडेवरच्या एखाद्या ओरखड्यापासून होते.

जाडीचं गणित

भुजेचा कडकपणा रुंदीच्या प्रमाणात आणि जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. रुंदी निम्मी केली तर कडकपणा निम्मा होतो, जाडी निम्मी केली तर एक अष्टमांश उरतो. १२ मिमी जाड भुजेवरून फक्त अर्धा मिमी काढला तरी त्या जागेचा कडकपणा सुमारे १२ टक्क्यांनी उतरतो. रंधा दोनदा जास्त फिरला की एवढं सहज होतं. म्हणून सुरुवातीला रंधा आणि रॅस्प, म्हणजे मोठ्या दातांची लाकूडकामाची कानस, पण दोरी लागल्यावर फक्त स्क्रेपर. सरळ कडेचा पोलादी पत्रा, कडेला बारीक धार वळवलेली, एवढंच ते हत्यार. त्यातून कागदासारखी पातळ साल निघायला हवी. भुकटी निघत असेल तर धार गेली आहे.

जाडी मुठीकडून टोकाकडे कमी का करत न्यायची, हेही याच गणितात आहे. दोरी टोकाला ओढते, त्यामुळे वाकवणारा जोर टोकाशी शून्य आणि मुठीकडे येताना वाढत जातो. जाडी सगळीकडे सारखी आणि रुंदीही सारखी ठेवली तर भुजा उताराशीच दुमडेल.

खांब

साधारण पाच फूट उंचीची जाड फळी भिंतीला पक्की ठोका. वर मूठ बसेल अशी खाच, खाचेत चामड्याचा किंवा जाड कापडाचा तुकडा. मूठ त्यात पाठ वर आणि पोट खाली अशी बसते. खाचेत बसलेल्या धनुष्याची पाठ जिथे येते तिथे शून्य धरून खाली दर इंचाला रेघ मारा. तळाशी कप्पी. दोरीच्या मध्याला ताणकाटा अडकवायचा, काट्याला सुंभ, सुंभ कप्पीखालून काढून आपल्यापर्यंत. तीन मीटर लांब उभं राहता येईल एवढी सुंभाची लांबी ठेवा. कारणं दोन आहेत. धनुष्य मोडलं तर तुकडे तुमच्या अंगावर येत नाहीत, आणि तेवढ्या अंतरावरूनच दोन्ही भुजा एका नजरेत दिसतात. मागच्या भिंतीवर आडव्या रेघा मारलेला मोठा कागद लावला तर डोळ्यांचं निम्मं काम तोच करतो. डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच.

जमिनीवर टेकवून पहिली ओळख

दोरीच्या आधी हात. एक टोक जमिनीवर कापडावर टेकवा, दुसरं टोक एका हाताने वर धरा, आणि दुसऱ्या हाताने मुठीवर जोर देऊन खालची भुजा लववा. मग टोकं बदला. सुरुवातीला काहीच वाकणार नाही. रंध्याने किंवा रॅस्पने पोटावरून लांबसडक, सारखे हात मारा, पुन्हा दाबा. हळूहळू लाकूड ‘सुटल्याचं’ हाताला कळतं.

इथे घाई कमी पण कंटाळा जास्त होतो, आणि कंटाळूनच लोक फार लवकर दोरी लावतात. टोक चारेक इंच सरकेल एवढी भुजा आरामात लवली, दोन्ही भुजा हाताला सारख्या वाटल्या आणि कुठेही कोपरा दिसला नाही, की पुढे जा. मुठीपासून टोकापर्यंत एक डोळा मिटून बघा. टोक डावी-उजवीकडे झुकलं असेल तर आता मधली रेघ नव्याने आखता येते. टोकं २० मिमी रुंद ठेवली होती ती यासाठीच.

मग खाचा. टोकापासून १२ मिमीवर, दोन्ही कडांना, पाठीकडून पोटाकडे येताना मुठीच्या दिशेने ४५ अंशांत उतरणाऱ्या, ३ मिमी खोल. गोल कानशीने करा. खाच कडांवर आणि पोटाकडे असावी, पाठीवर आडवी चीर पडू देऊ नका.

लांब दोरी आणि व्यायाम

पहिली दोरी धनुष्याहून जेमतेम लांब, पोटाखाली किंचित सैल लोंबणारी. फार सैल दोरी टोकांना वेगळ्याच कोनात ओढते आणि चित्र फसवं दिसतं. खांबावर चढवण्याआधी धनुष्याचा न वाकलेला फोटो काढून ठेवा. लाकडात उपजत लाट किंवा पुढे-मागे कल असेल तर वाकल्यावर तो भाग ताठ किंवा कमजोर भासतो. आपल्याला आकार बघायचा नसतो, आकारातला बदल बघायचा असतो.

आता संपूर्ण कामातला सर्वांत कडक नियम: ठरलेल्या ताणापेक्षा एक पौंडही जास्त ओढायचं नाही. ४० पौंडांचं धनुष्य हवं असेल तर काटा ४० वर आला की थांबायचं, मग टोकं एक इंच हलोत की सहा. विषम वाकणारी भुजा ५० पौंडांनी ओढलीत तर सगळा भार एकाच जागेवर पडतो आणि तिथलं पोट कायमचं चेंगरतं. बाहेरून काही दिसत नाही. महिन्याभराने धनुष्य मवाळ झालं की मग कळतं.

दुसरा नियम व्यायामाचा. लाकूड काढल्यावर त्याचा परिणाम लगेच पूर्ण दिसत नाही. हलक्या हाताने वीस ते तीस वेळा ओढून सोडा, आणि मगच नीट बघा. हे टाळलं तर असं होतं: खरवडलं, बघितलं, फरक नाही, आणखी खरवडलं, तरी फारसा फरक नाही, पुन्हा खरवडलं, आणि दहा मिनिटांनी तिन्ही खरवडण्यांचा हिशेब एकदम समोर येतो. माझं पहिलं अ‍ॅशचं धनुष्य असंच गेलं. रात्री अकराला मी त्याला शाबासकी देऊन झोपलो, सकाळी ओढलं तर डाव्या भुजेच्या मध्यावर दारासारखी बिजागरी, म्हणजे सगळा बाक त्या एकाच जागी.

वळण वाचायचं कसं

खरवडायला कोणीही शिकतो, बघायला वेळ लागतो. भुजा वाकलेली धरून ठेवून न्याहाळत बसू नका. ताणलेलं लाकूड तसंच राहिलं की थकतं. कोणाला तरी ओढायला सांगून किंवा मोबाईल तिपाईवर लावून फोटो घ्या, दोरी सोडा, आणि फोटो बघा. तो फोटो उलटा करून बघा. ओळखीचा आकार उलटा झाला की डोळा सवयीने चुका झाकत नाही. फोटोवर मी दोन्ही भुजांचे तीन-तीन भाग करतो: उताराजवळचा, मधला, टोकाकडचा. प्रत्येक भागाला एकच प्रश्न: इथे सरळ पट्टी ठेवली तर किती फट पडेल?

हाच प्रश्न लाकडावर विचारायला पेन्सिलीचा ठोकळा करा. १५ सेंटिमीटर लांब, एका बाजूने अगदी सपाट ठोकळा, मध्यावर भोक, भोकात घट्ट बसणारी पेन्सिल. धनुष्य थोडं वाकलेलं असताना ठोकळा पोटावर ठेवा. पोट तिथे आत वळलेलं असतं, म्हणून ठोकळ्याच्या मध्याखाली फट पडते. सगळ्यात मोठी फट जिथे आहे तिथे पेन्सिलीचं टोक लाकडाला जेमतेम टेकणार नाही एवढं बाहेर काढा. मग ठोकळा भुजेवरून सरकवा. फट जिथे लहान, म्हणजे भुजा जिथे कमी वाकते, तिथे पेन्सिल आपोआप रेघ मारते. त्या रेघांवरच खरवडायचं. ताठ ठेवायच्या टोकाजवळच्या ६ इंचांवर आणि उतारावर उठलेल्या रेघा मात्र सोडून द्या. डोळा तयार होईपर्यंत हा ठोकळा गुरूसारखा आहे, आणि डोळा तयार झाल्यावरही तो कधीकधी आपल्याला खोटं पाडतो.

कोणता आकार बरोबर, हे धनुष्याच्या रचनेवर ठरतं. आपल्या धनुष्यासारखी अर्ध्या भुजेपर्यंत एकसारखी रुंदी असेल तर वळण लंबवर्तुळासारखं हवं: मधला भाग चांगला वाकलेला, टोकाकडचे ६ इंच जवळपास ताठ. मुठीपासून टोकापर्यंत सरळ निमुळती होणारी आणि सारख्या जाडीची भुजा मात्र वर्तुळाच्या कमानीसारखी वाकली पाहिजे. गोल पोटाच्या, अरुंद, इंग्रजी घाटाच्या लाँगबोमध्ये मूठसुद्धा जराशी लवते आणि पूर्ण धनुष्य एक सलग कमान होते. १५४५ मध्ये बुडालेल्या आणि १९८२ मध्ये समुद्रातून वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रजी युद्धनौकेवर यूची १३७ अखंड धनुष्यं मिळाली, ती याच घाटाची. उलट डेन्मार्कमधल्या होल्मेगार्डच्या दलदलीत सापडलेली एल्मची धनुष्यं साधारण ९००० वर्षं जुनी आहेत आणि तीही रुंद, चपट्या भुजांची. नवशिक्याने चपटा घाट निवडला तर तो काही आधुनिक शॉर्टकट घेत नाहीये.

प्रत्यंचा चढवणं

लांब दोरीवर ४० पौंडांना टोकं पाच-सहा इंच खाली येत असतील आणि दोन्ही भुजा सारख्या दिसत असतील तर खरी प्रत्यंचा चढवायची वेळ झाली. पहिल्यांदा दोरी आणि मूठ यांत फक्त ३ इंच अंतर राहील एवढीच. पायात अडकवून चढवायचा जुना प्रकार टाळा, त्यात भुजा पिळवटते. दोन्ही टोकांना बसणारी चढवण्याची वेगळी दोरी वापरा. तिच्यावर पाय, हाताने मूठ वर, आणि प्रत्यंचेचा फास खाचेत.

चढवल्यावर धनुष्य पोट वर करून लांबून बघा. प्रत्यंचा मुठीच्या मधोमध जाते का? एका कडेला जात असेल तर टोकाची जास्तीची रुंदी योग्य बाजूने कमी करून खाच मध्यावर आणा. भुजा पिळली असेल तर पोटाच्या दोन्ही कडा निरखा. जी कड कमी झुकलेली दिसते ती ताठ, खरवडायची तीच.

मग दोन्ही उतारांच्या टोकाशी प्रत्यंचेपासून पोटापर्यंत अंतर मोजा. वरच्या भुजेचं अंतर खालच्यापेक्षा ३ ते ६ मिमी जास्त असावं, म्हणजे खालची भुजा जरा ताठ. धनुष्य धरणारा हात मध्याच्या थोडा खाली जोर देतो, त्याची ही भरपाई. कोणती भुजा वरची हे अजून ठरवलं नसेल तर जी आपणहून जास्त वाकते ती वरची.

इंचाइंचाने

इथून पुढे धनुष्यं मोडतात. निम्म्याहून जास्त काम झालेलं असतं, हातात खरं धनुष्य आल्यासारखं वाटतं, आणि एकदा पूर्ण खेचून बघायची खुमखुमी येते. ती आवरा.

क्रम असा. खांबावर ओढा. ४० पौंड किंवा आजवर ओढलेल्यापेक्षा एक इंच पुढे, यांतली जी हद्द आधी येईल तिथे थांबा. फोटो, मग सोडा. ताठ जागांवर पेन्सिलीने खूण. प्रत्येक खुणेवर स्क्रेपरचे दहाबारा हात, दोन्ही भुजा सारख्या दिसत असतील तर दोन्हींवर सारखेच हात. वीस-तीस वेळा व्यायाम. पुन्हा ओढा. दोनतीन फेऱ्यांमागे स्क्रेपरचे ओरखडे पॉलिश पेपरने घासून काढा, नाहीतर लाटा साचत जातात. वळण एकसारखं दिसू लागलं की प्रत्यंचा आखूड करून अंतर ६ इंचांवर आणा.

समजा १६ इंचांवरच ४० पौंड भरले. म्हणजे धनुष्य अजून बरंच जड आहे, आणि आकार बरोबर असेल तर पूर्ण भुजांवरून सारखं लाकूड काढायला भरपूर वाव आहे. १६ इंचांवर २० पौंड आणि एक भुजा ताठ, असं असेल तर परिस्थिती नाजूक. दुरुस्तीत आणखी ताण जाणार. तिथेच लक्ष्य ३५ पौंडांवर आणायचा निर्णय घ्या. ३५ पौंडांचं सलग वाकणारं धनुष्य ४० पौंडांच्या बिजागरीवाल्यापेक्षा बाण लांब फेकतं, आणि टिकतं.

दर फेरीनंतर प्रत्यंचा उतरवून लगेच धनुष्याची पाठ मुठीपाशी भिंतीला टेकवून टोकांमागची फट मोजा आणि आकडा लिहून ठेवा. थोडा कायमचा बाक येणारच. पूर्ण झाल्यावर एक ते दीड इंच असेल तर मी समाधानी असतो. पण दोन फेऱ्यांत तो एकदम वाढला तर कुठलीतरी जागा क्षमतेपेक्षा जास्त भार घेतेय, किंवा लाकूड ओलं आहे. बाक कुठे आलाय ते शोधा. सगळीकडे सारखा असेल तर ओलावा, एकाच ठिकाणी असेल तर तीच तुमची लपलेली बिजागरी.

बिजागरी सापडली तर तिच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने फुल्या मारा आणि खरवडताना फुल्यांच्या आत जाऊ नका. गाठ असेल तर तिच्याभोवती लाकूड मुद्दाम जास्त ठेवा. ती जागा जरा ताठ दिसली तरी चालेल, तो दोष नव्हे. पोटावर केसासारख्या आडव्या रेघा दिसल्या तर लाकूड दाबाने चेंगरलंय. त्या रेघा जात नाहीत, त्या जागेच्या शेजारचं लाकूड कमी करून भार वाटता येतो, एवढंच. पाठीवर चिरफळी उचलली असेल तर ती छोटी असतानाच गोंद भरून वर दोरा गुंडाळता येतो. रुंदीच्या पावभागापेक्षा मोठी असेल तर ते धनुष्य भिंतीवर टांगायचं.

खेच २६ इंचांच्या पुढे गेली आणि तिथे ३९-४० पौंड भरत असतील तर स्क्रेपर खाली ठेवा. उरलेल्या दोन इंचांत खांबावर आणखी काही पौंड भरतील, पण ते जिरायचे मार्ग आहेत. टोकं १२ मिमीपर्यंत बारीक करताना आणि पॉलिश पेपरच्या शेवटच्या घासणीत काही जातात, पहिल्या बाणांनी धनुष्य रुळताना आणखी काही. त्यानंतरही जास्त राहिलेच तर दोन्ही भुजांवरून सारखे चार हात.

पहिले पन्नासेक बाण अर्ध्या-पाऊण खेचीने मारा, मग पूर्ण. बाणाशिवाय दोरी सोडायची नाही, एकदाही नाही. बाणात जाणारी सगळी ताकद तेव्हा भुजांतच परत येते. शंभर बाणांनंतर पुन्हा खांबावर चढवून फोटो घ्या आणि आधीच्या फोटोशेजारी ठेवा. बहुतेक वेळा एखादी जागा अजून किंचित मागे असते. दहा हात खरवडा, आणि प्रत्यंचा उतरवून धनुष्य रात्रभर दोन खुंट्यांवर आडवं ठेवा. सकाळी भिंतीला लावून फट मोजा. आकडा आदल्या दिवशीच्या विश्रांतीनंतरच्या आकड्याइतकाच राहिला तर व्हार्निशचा पहिला हात द्यायला हरकत नाही.